गव्हाचा संशय

माझे माहेर पेण, सासर रोहा. पेणला न्याहारीला तांदळाची भाकरी किंवा पोहे. चपाती पाहुणे आले की. रोह्याला आल्यावर धाटावच्या कारखान्यातील शिफ्टच्या डब्यासाठी रोज चपात्या होऊ लागल्या, आणि मीही त्याच खाऊ लागले. काही वर्षांनी पोट फुगणे, जुलाब, थकवा मागे लागला. शेजारणीच्या सांगण्यावरून गहू सोडला. महिन्याभरात बरे वाटले. मग तपासणी केली. अहवालात काहीच निघाले नाही.

चूक इथेच झाली. सिलिअ‍ॅक या आजारात गव्हातील ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. रक्ततपासणी त्या वेळी तयार होणारी प्रतिपिंडे शोधते. गहू बंद केला की ती ओसरतात आणि अस्तरही हळूहळू भरून येते. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. मी क्रम उलटा केला, त्यामुळे त्या अहवालाला अर्थ उरला नाही.

आमच्यासारख्या भातखाऊ भागात हा आजार चटकन मनात येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत त्याच्या प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. पण ताटातला गहू वाढला की हा हिशेबही बदलू शकतो.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, काही आठवडे रोज गहू खाऊन पुन्हा तपासणी. दुसरी, जनुकीय चाचणी. तिला पथ्याची आडकाठी नाही. डीक्यू२ आणि डीक्यू८ हे दोन्ही प्रकार नसतील, तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद होतो. असतील, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ते असंख्य निरोगी माणसांतही असतात. माझ्यात डीक्यू२ निघाला. गहू पुन्हा सुरू केला, तो बाराव्या दिवशी सोडावा लागला.

सिलिअ‍ॅक सिद्ध झाला नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. आणि त्रास खरा म्हणून दोष ग्लुटेनचाच, असेही नाही. नॉर्वेतील संशोधकांनी स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना कशात काय आहे ते न सांगता तीन प्रकारच्या वड्या आळीपाळीने आठवडाभर दिल्या: ग्लुटेनच्या, फ्रुक्टानच्या आणि दोन्ही नसलेल्या. २०१८ साली निष्कर्ष आला. सर्वाधिक त्रास फ्रुक्टानने झाला. फ्रुक्टान हे गव्हातले एक कर्बोदक. कांद्या-लसणातही ते असते. हे वाचल्यावर आठवले, भाकरीबरोबर लसणाची चटणी जास्त झाली की माझे पोट तेव्हाही फुगायचे.

हा केवळ नावाचा वाद नाही. फ्रुक्टान असेल, तर प्रमाण सांभाळले की भागते. सिलिअ‍ॅक असेल, तर कणभरही चालत नाही. बाजारच्या अनेक हिंगांत गव्हाचे पीठ असते, तेही टाळावे लागते. शिवाय सख्ख्या नात्यातल्यांची तपासणी करावी लागते.

म्हणून यंदा अनारसे, चकल्या वेगळ्या कढईत तळल्या, शंकरपाळे नंतर. मुलीच्या डब्यातली चपाती मात्र मुद्दाम चालू ठेवली आहे. दिवाळीनंतर तिची रक्ततपासणी आहे, आणि तिच्या वेळी क्रम चुकायला नको.