पाण्यावर तरंगणारा दगड

दगड पाण्यात बुडतो, हे सांगावयास पंडित लागत नाही. परंतु टाचा घासण्यासाठी आणलेली करड्या रंगाची, सच्छिद्र वजरी आपण एकदा पाण्याने भरलेल्या बादलीत टाकून पाहा. ती अस्सल ज्वालामुखीजन्य दगडाची असेल, तर छिद्रांत पाणी शिरेपर्यंत खुशाल तरंगत राहील. या दगडास पमिस म्हणतात.

पमिस म्हणजे वस्तुतः थिजलेला फेस होय. ज्वालामुखीच्या पोटातील दाट शिलारसात वाफ व इतर वायू प्रचंड दाबाखाली विरघळलेले असतात. उद्रेकाच्या वेळी तो दाब एकाएकी कमी होताच, सोड्याची बाटली उघडावी त्याप्रमाणे, असंख्य बुडबुडे उसळतात आणि ते निसटण्यापूर्वीच रस थिजून त्याची काच होते. कित्येक तुकड्यांचा शेकडा ९० पर्यंत भाग निव्वळ पोकळ असतो. सह्याद्रीचा काळा कातळही ज्वालामुखीचाच. पण त्याचा रस पातळ असल्याने बराचसा वायू सहज निघून गेला व दगड जड राहिला.

या हलकेपणाचे नवल मोठे आहे. इ. स. १८८३ मध्ये क्राकाटोआच्या उद्रेकातून बाहेर पडलेले पमिसचे थर हिंदी महासागरावर तरंगत आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. रोममधील पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट आज एकोणीसशे वर्षे उभा आहे. त्याच्या माथ्याकडील काँक्रीटमध्ये वजन कमी करण्यासाठी हाच दगड मिसळलेला आहे.

मग इतका हलका दगड घासण्यास उपयोगी का पडावा? बुडबुड्यांमधील भिंती काचेच्या, म्हणजे कठीण, परंतु अतिशय पातळ व ठिसूळ असतात. घासताना जुन्या कडा मोडतात व नव्या तीक्ष्ण कडा उघड्या पडतात. दगड झिजतो, पण बोथट होत नाही. म्हणूनच पूर्वी चर्मपत्र गुळगुळीत करण्यासाठी तो वापरीत. आजही दंतवैद्य दातांना झिलई देण्यासाठी त्याची बारीक पूड वापरतात.

हा गुण ध्यानी घेतला म्हणजे वापरण्याची रीतही आपोआप कळते. पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावे, दगडही ओला करावा आणि केवळ राठ झालेली कातडी हलक्या हाताने घासावी. नंतर पाय कोरडे करून खोबरेल तेल लावावे. एकाच दिवसात टाच मऊ करण्याचा हट्ट धरू नये. वापरानंतर दगड साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. ओल्या छिद्रांत जंतू व बुरशी वाढतात. यास्तव घरातील प्रत्येकाचा दगड वेगळा असणेच इष्ट.

आणखी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. घरात कोणास मधुमेह असेल, तर त्यांच्या पायांस वैद्यकीय सल्ल्याविना हा दगड लावू नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावते. ओरखडा उमटला तरी तो कळत नाही आणि पुढे त्याचीच न भरणारी जखम होऊ शकते. भेग खोल असेल वा तीतून रक्त येत असेल, तर इतरांनीही दगड बाजूस ठेवावा.

ज्या कडेने राठ कातडी निघते, तीच कडा कोवळ्या कातडीसही कापते. दगडाला हा भेद कळत नाही. तो आपल्या हातालाच कळावा लागतो.