सुरक्षा परिषदेच्या टेबलावर आपला मुलूख

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं: संयुक्त राष्ट्रांत निर्णय नेमका कोण घेतं? तिथे बोलणारा प्रतिनिधी, की ज्यांच्यापुढे तो बोलतो ती समिती? याचं उत्तर आपल्या नांदेड-लातूरच्याच इतिहासात सापडतं.

१९४८ साली नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. लातूर जिल्हा तेव्हा नव्हताच. लातूर, औसा उस्मानाबादेत होते, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदरमध्ये. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो. पण त्याच्या आदल्याच दिवशी, १६ सप्टेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे आपलाच विषय निघाला होता, हे शाळेत फारसं सांगितलं जात नाही.

निजाम सरकारने २१ ऑगस्टला तार करून परिषदेकडे तक्रार केली होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. पॅरिसमध्ये निजामाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते मोईन नवाज जंग आणि भारताच्या बाजूने होते रामस्वामी मुदलियार. पेच पहिल्याच पायरीवर पडला. सदस्य नसलेल्याने तक्रार करायची तर तो निदान स्वतंत्र राज्य असायला हवा, असं सनद सांगते. मुदलियारांचं म्हणणं असं, की हैदराबाद स्वतंत्र राज्य कधी नव्हतंच, म्हणून परिषदेला यात अधिकारच नाही.

परिषदेत तेव्हा ११ सदस्य होते. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला ८ मतं पडली. चीन, सोव्हिएत रशिया आणि युक्रेन तटस्थ राहिले. कामकाजाच्या अशा ठरावाला व्हेटो लागू होत नाही, तेव्हा ७ मतं पुरत. आणि गंमत पाहा, विषय घेतला म्हणजे आमचा अधिकार ठरला असं नाही, हेही सोबत नोंदवून ठेवलं. म्हणजे ऐकू, पण ऐकायचा हक्क आहे की नाही ते नंतर बघू! समित्या अशाच चालतात. नाही म्हणायचं नसतं, हो म्हणायलाही धजत नाहीत.

दुसऱ्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि आठवडाभरात तक्रार मागे घेतल्याची तार केली. आता मोईन नवाज जंग कोणाचे प्रतिनिधी उरले? आपल्याकडे कोर्टात मुखत्यारपत्र असतं ना, तसाच हा प्रकार. देणाऱ्याने ते रद्द केलं की मुखत्याराची सही चालत नाही. सतराव्या शतकातला हॉब्ज प्रतिनिधीला नटाची उपमा देतो. तो बोलतो ते शब्द दुसऱ्याच्या मालकीचे असतात. पण शिष्टमंडळाचं म्हणणं, निजाम दबावाखाली आहेत, म्हणून त्यांची तारच खरी मानू नका. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दबावाखाली रद्द केलेलं मुखत्यारपत्र रद्द झालं का? २८ सप्टेंबरला परिषद पुन्हा बसली, भरपूर बोलणं झालं, हैदराबादबद्दल ठराव मात्र झाला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. विषय पत्रिकेवर तसाच राहिला, कित्येक दशकं. घोंगडं भिजत पडलं म्हणतात ना, ते असं.

पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. इथल्या माणसांचं मुखत्यारपत्र कोणाकडे होतं? स्टेट काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या तुरुंगात होते. बाहेर दिगंबरराव बिंदूंची कृती समिती सरहद्दीवरची शिबिरं चालवत होती. उमरीच्या बँकेवरचा ३० जानेवारी १९४८ चा छापा याच लढ्यातला. रझाकारांचा जुलूम गावोगाव ज्यांनी सोसला, त्यांच्यातलं कोणी पॅरिसच्या टेबलाशी नव्हतं. तिथे बोलणारे दोघेही सरकारांनी नेमलेले.

आणि कारवाईनंतर जे मारले गेले, त्यांचंही कोणी नव्हतं. आमच्या लहानपणी हा विषय निघाला की घरातली मोठी माणसं गप्प होत. दिल्लीहून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरली. तिच्या अंदाजाप्रमाणे २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ पोचलेले चार जिल्हे तिने नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा यातल्याच दोघांतून झाला.

मे १९४९ मध्ये पाकिस्तानचे झफरुल्ला खान सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादवर पुन्हा बोलले. सुंदरलाल समितीचा अहवाल तेव्हा दिल्लीत पोचलेला होता, पण सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. जी समिती गावात जाऊन आली तिला निर्णयाचा अधिकार नव्हता, आणि जिच्याकडे विषय होता तिच्यापुढे हे कागद आले नाहीत. त्या कागदांत हेही लिहिलेलं आहे, की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर शेजाऱ्यांना वाचवलं, त्यापायी स्वतःचे जीवही गमावले.