भाषा शिकवताय? पगार घ्यायचा की तासाचे पैसे?

जर्मन, जपानी शिकवणारे बरेच जण मला विचारतात: क्लासमध्ये नोकरी धरू की तासावर शिकवू?

तासाचा रेट पगारापेक्षा भारी वाटतो. पण नोकरीत पीएफ लागू असेल, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के तुमचे कापले जातात, आणि तेवढेच मालक भरतो. तासावर असलात तर बॅच रद्द, पैसे बंद!

व्यावसायिक फीवर सहसा 10 टक्के टीडीएस कापतात. पण तेवढ्यावरून तुम्ही ‘स्वतंत्र’ ठरत नाही. वेळ, पुस्तक, रजा सगळं क्लासच ठरवत असेल, तर कोर्ट करारातल्या ‘कन्सल्टंट’ या शब्दापलीकडेही बघतं.

मी एवढंच म्हणेन, रेट ठरवताना सुट्ट्या, विमा, पीएफ त्यात धरा. मगच सही करा.