लेखक पोटासाठी काय करीत असतो?

पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाचा परिचय छापण्याची आपल्याकडे चाल आहे. पुस्तक हाती आले की मी आधी तो वाचतो. साहित्याचा अभ्यासक तेथे लेखकाची पूर्वीची पुस्तके पाहील. माझा जन्म कामगारांच्या हजेऱ्या आणि पाळ्या मोजण्यात गेला, त्यामुळे माझी नजर हा गृहस्थ पोटासाठी काय करीत होता यावर जाते. आणि ते कळले की लगेच दुसरा प्रश्न मनात येतो : याची सुटी किती वाजता होत असे?

श्रोते हो, प्रश्न थट्टेचा नाही. आपल्या लेखकांची नावे त्यांच्या नोकऱ्यांसह मांडून पाहा. केशवसुत शिक्षक. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत. ना. सी. फडके प्राध्यापक. मामा वरेरकर टपाल खात्यात, मर्ढेकर आकाशवाणीत, श्री. ना. पेंडसे मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कुडाळला खानावळ चालविली, पण असा दाखला विरळा. पुष्कळशी यादी शाळा, कॉलेज आणि कचेरी यांनी भरते. यावरून प्रतिभा ही मास्तर-कारकुनांच्याच घरी नांदते असा निष्कर्ष काढणारे विद्वान मला भेटले आहेत. मी त्यांना एवढेच विचारतो की, या सर्व नोकऱ्यांत समान काय आहे? पगार सारखा नाही, विद्या सारखी नाही. सारखी आहे ती घंटा. ती ठरल्या वेळी होते, आणि नंतरची संध्याकाळ माणसाची स्वतःची असते.

परदेशातला एक दाखला मला फार बोलका वाटतो. प्रागचा फ्रान्झ काफ्का आधी एका खासगी विमा कंपनीत लागला. तेथील तास लांब; लिखाणाला वेळ उरेना. वर्षाच्या आत त्याने ती जागा सोडली आणि १९०८ साली कामगारांच्या अपघात-विम्याच्या संस्थेत शिरला. तेथे काम सकाळी आठला सुरू होऊन दुपारी दोनला संपे. लाकूड रंधण्याच्या यंत्रात कामगारांची बोटे कशी तुटतात आणि ती कशी वाचविता येतील, यावर त्याने सरकारी अहवालात लिहिले आहे. रात्री तो कथा लिही. त्याच्या कथांवर ग्रंथ झाले. मला मात्र त्या अहवालाबद्दलही आदर वाटतो. प्रकृती ढासळल्यामुळे १९२२ साली निवृत्त होईपर्यंत तो त्याच संस्थेत होता.

आता गिरणीकडे वळू. मुंबईच्या गिरण्या प्रथम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. विजेचे दिवे आले तेव्हा दिवस आणखी लांबला. १८८१ च्या कायद्याने फक्त मुलांचे तास बांधले, १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे. प्रौढ पुरुषाच्या तासांना कायद्याची पहिली मर्यादा पडली १९११ साली, आणि ती होती बारा तासांची! १९२२ साली दिवसाला अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा, आणि १९४८ साली दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस. रविवारची सुटीदेखील कोणी दिली नाही, ती मागून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिच्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. हेच लोखंडे ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. म्हणजे कामगारांसाठी लिहिणारा माणूस आणि कामगारांना वाचायला दिवस मिळवून देणारा माणूस एकच होता.

बारा तास उभा राहिलेला मनुष्य कादंबरी लिहीत नाही. तो गातो, ऐकतो, पाठ करतो. हात गुंतलेले आणि तोंड मोकळे असेल तर काव्य जन्मते. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतावर आणि जात्यावर त्यांनी जे रचले ते घरच्या माणसांनी टिपून ठेवले, म्हणून राहिले. त्या १९५१ साली वारल्या आणि पुस्तक १९५२ साली निघाले. जात्याने त्यांना मुभा दिली. गिरणीच्या साळखात्याने दिली नसती, कारण मागांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचे तरी खुणा कराव्या लागत.

मग कामगारांतून लेखक झालेच नाहीत काय? झाले, आणि मोठे झाले. पण त्यांचे चरित्र जरा बारकाईने पाहावे. अण्णा भाऊ साठे यांना शाळा जेमतेम दीड दिवसाची असे सांगतात. वाटेगावाहून मुंबईला येऊन त्यांनी पडेल ते काम केले, गिरणीतही केले. परंतु त्यांचे पोवाडे आणि लोकनाट्ये बहरली ती कलापथकात पडल्यावर. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. ‘फकिरा’ ही कादंबरी त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९५९ साली आली. नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढविले. त्यांनी पोरवयात गिरणीत, हॉटेलात कामे केली, पुढे शाळेत शिपाई झाले, परीक्षा दिल्या आणि शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ चे. परिचयात ‘कामगार कवी’ असे छापतात, ते खरेच आहे. मात्र पुस्तक बाहेर येईतो यंत्राने त्यांना सोडले होते आणि शाळेच्या घंटेने धरले होते. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. टॅक्सी चालविणाऱ्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. हे सगळे १९४८ नंतरचे. एका कायद्याने साहित्य झाले असे मी म्हणत नाही. आंबेडकरांची चळवळ, युनियन, रात्रशाळा आणि वाचनालये नसती तर रिकामी संध्याकाळ गुत्त्यात गेली असती. पण संध्याकाळच नसती तर या सर्वांनी माणसाला गाठायचे कधी?

स्त्रियांच्या बाबतीत माझे हे गणित अपुरे पडते, कारण त्यांची दुसरी पाळी घरात सुरू होते आणि तिचा भोंगा कोणीच वाजवीत नाही. फलटणच्या बेबी कांबळे लहानसे दुकान चालवीत. गल्ल्यावर बसल्या बसल्या, सामान बांधायला आलेले कागद वाचता वाचता त्या लिहू लागल्या, आणि लिहिलेले घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेविले. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. गिऱ्हाइकागिऱ्हाइकांच्या मधल्या सांदीत लिहिलेले ते पुस्तक आहे. मला तर त्याचे प्रत्येक पान उसन्या वेळाचे वाटते.

२०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा नवावरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट घातली. कंत्राटी माणसाची संमती कशी मिळते हे मला चांगले ठाऊक आहे : ती नेमणुकीच्या कागदाबरोबरच घेतात. औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवरचे पहारेकरी तर कायद्याची वाट न पाहता केव्हाचेच बारा तासांवर आहेत. आमच्या युनियनमधला असा एक पहारेकरी रात्रपाळीत मोबाईलवर कविता लिहितो. गाडी आली की उठून फाटक उघडतो, नोंदवहीत आकडा लिहितो आणि परत ओळीकडे येतो. परवा मी त्याला विचारले, ‘कथा का नाही लिहीत रे?’ तो म्हणाला, ‘साहेब, दोन गाड्यांच्या मधे तेवढंच बसतं.’