कळण्याची भाकरी आणि बारा तासांची पाळी

बारा तास यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला वेगळा व्यायाम कशाला, हा प्रश्न सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली भागांत नेहमी ऐकू येतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या खान्देशी कुटुंबांची इथे मोठी वस्ती आहे आणि त्यांतल्या अनेकांची रोजी लूमच्या खात्यांवर, डाइंग मिलमध्ये किंवा रिंग रोडच्या कापडबाजारात आहे. प्रश्न रास्त आहे, पण श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे. मागांच्या रांगांतून कारागीर दिवसभर चालतो; मात्र ते चालणे संथ असते, हृदयाची गती त्याने फारशी वाढत नाही. कंबर आणि पोटऱ्या तासन्‌तास ताणलेल्या राहतात, त्यांना सैलावायला उसंत मिळत नाही. हिऱ्याला पैलू पाडण्याच्या घंटीवर मान वाकवून बसणाऱ्या रत्नकलाकाराचे दुखणे याच्या उलट, बैठेपणाचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला. ‘मध्यम’ ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. पाळीवर जाता-येता वीस-पंचवीस मिनिटे अशी झपझप चाल झाली, तर पहिली अट आपोआप भागते. बळासाठी दंड-बैठका पुरतात. त्यांना यंत्र लागत नाही की फी. जिममध्ये वजन उचलणाऱ्यांसाठी प्रशिक्षकांचा एक जुना हिशोब उपयोगी आहे: शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन आवर्तने जास्त, तीही लागोपाठच्या दोन सत्रांत जमली, की वजन दोन ते दहा टक्क्यांनी वाढवावे. त्याआधी नाही. दिवसपाळीची रातपाळी होते, त्या आठवड्यात तर वजन वाढवूच नये. झोप मोडलेली असताना शरीराची झीज नीट भरून निघत नाही. प्रशिक्षकाच्या वहीत वजन आणि उंचीशेजारी पाळीची वेळ लिहिलेली असावी. ती क्वचितच दिसते.

आहाराचा विषय निघाला की जिममध्ये पहिली चर्चा प्रथिनांच्या डब्याची होते. वास्तविक ती भाकरीपासून सुरू व्हायला हवी. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी पडते, ते धान्यातून मिळते. खान्देशातली कळण्याची भाकरी ही जोडी पिठातच जुळवून टाकते: ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळलेले, वर मीठ. पोषणशास्त्राने हे नंतर सांगितले. जात्यावर ते आधीच ठरलेले होते. सुरतेत आल्यावर मात्र अनेक घरांत कळण्याच्या जागी मैद्याचा पाव आणि सकाळी खमण-लोचो आला. लोचो हरभऱ्याच्या डाळीचाच, त्यामुळे वाईट नव्हे. त्यावरचे तेल, लोणी आणि शेव हिशोबात धरावी, इतकेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. नियमित वजने उचलणाऱ्यासाठी किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरतात, म्हणजे ७२ ते ९६. आता ताट मोजू. पाव भाग उडीद असलेले २४० ग्रॅम कळण्याचे पीठ सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने देते. दोन वेळची मिळून ६० ग्रॅम कोरडी डाळ १३, मूठभर म्हणजे ४० ग्रॅम शेंगदाणे १०, दीड पेला दूध १०. झाले ६५. दोन अंडी घेतली, किंवा अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम सोयाबीन वड्या, तर आणखी बारा-तेरा. एकूण ७७-७८ ग्रॅम झाले आणि डबा अजून उघडलेला नाही. भुकटीच्या एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. ती विष नाही, पण ज्याच्या ताटात डाळ आहे त्याला ती महागडी सोय आहे. २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेनेही स्नायू वाढवण्यासाठी अशा भुकट्या टाळायला सांगितले आहे. घ्यायचीच असेल तर डब्यावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक आहे का, हे तरी पाहावे. शेवभाजीच्या तर्रीबद्दलही बोलायला हवे: पाच मिलिलिटरचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० किलोकॅलरी, आणि तर्रीत चमचे मोजले जात नाहीत. थंडीत सुरती पोंक, म्हणजे आपला हुरडा, मिळतो. तो पोटभर खावा. सोबतची शेव बेताने.

सुरतेची हवा दमट आहे. घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. व्यायामाआधी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. ६० किलोच्या माणसाचे सव्वा किलो घटले, तर दम आणि जोर दोन्ही कमी पडतात. मीठ घातलेले ताक हा स्वस्त उपाय आहे. रक्तदाब असेल तर मीठ वगळून. गावाकडून उन्हाळ्यात परतल्यावर या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस निम्मा व्यायाम पुरे.

शेवटची सूचना प्रशिक्षकांसाठी. नव्या मुलाकडून पहिल्याच दिवशी दोनशे बैठका काढून घेण्याची फुशारकी काही ठिकाणी अजून चालते. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात अडकू शकते. दोन-तीन दिवसांत मांड्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते ‘अंग मोकळे होणे’ नव्हे. शेक, मालिश, वेदनाशामक गोळी यांपैकी काही करू नये. त्याच दिवशी स्मीमेर, नवे सिव्हिल किंवा जवळचे कोणतेही मोठे रुग्णालय गाठावे.