सेव्ह केलं म्हणजे जपलं असं नाही! धंद्यासाठी वाचलेली माहिती कायम हाताशी कशी ठेवाल?



व्हिडिओत हा विषय थोडक्यात घेतला होता, इथे सविस्तर सांगतो. पण त्याआधी एक छोटं काम करा. मोबाईल घ्या आणि वर्षभरापूर्वी "नंतर वाचू" म्हणून ठेवलेल्या पाच लिंका उघडून बघा. मिनी डाळ मिलच्या मशिनरीची माहिती, हळद पॅकिंगचा लेख, एखाद्या योजनेच्या अटी, जे असेल ते.

पाचही उघडल्या? नशीबवान आहात! प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संस्थेने २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. म्हणजे दर पाचातली जवळपास दोन गायब.

पॉकेट बंद झालं, आणि लाखो लोकांचं वाचन लटकलं

लेख साठवून ठेवायचं "पॉकेट" नावाचं ॲप होतं. २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिला कंपनीने विकत घेतलं. लोक वर्षानुवर्षं त्यात लेख टाकत राहिले. २२ मे २०२५ ला कंपनीने सांगितलं, बंद करतोय. ८ जुलैला बंद झालंसुद्धा. आपला साठा बाहेर काढायला काही महिने दिले, पण त्या फाईलमध्ये मिळाल्या लिंका, शीर्षकं अशा नोंदी. लेखांचा मजकूर नाही! ज्यांची मूळ पानं आधीच उडाली होती, त्यांच्या हातात नुसती यादी राहिली. म्हणजे दुकानाची पाटी आहे, आत माल नाही.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. ऑम्निव्होर नावाचं असंच ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झालं. आणि आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ ॲप्सवर बंदी आणली. चर्चा टिकटॉकची झाली, पण त्याच यादीत कॅमस्कॅनर आणि यूसी ब्राऊझरही होते. किती दुकानदारांची बिलं, करारनामे, सातबारे कॅमस्कॅनरमध्ये होते!

मुद्दा सरळ आहे. ॲप ही भाड्याची खोली आहे. मालकाने नोटीस दिली की सामान तुम्हालाच उचलावं लागतं.

हे विदर्भानं सातशे वर्षांपूर्वी पाहिलंय

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर माहीत आहे ना? महानुभाव पंथाचं मोठं स्थान. म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी लोकांना विचारून विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र तयार झालं. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ते पुन्हा लिहिलं गेलं. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ आढळतात. प्रत गेली, पण माणसांच्या डोक्यात उरली म्हणून ग्रंथ वाचला.

दुसरा धडा त्याहून कामाचा. या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या शाबूत होत्या, पण किल्ली नसलेल्याला एक ओळ वाचता येत नव्हती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडली, तेव्हा बाहेरच्या अभ्यासकांना आत काय आहे ते कळलं. आपल्या यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या माध्यमातून जुनी हस्तलिखितं जमवली आणि महानुभाव वाङ्मयावर लिहिलं.

आता तुमच्या कॉम्प्युटरवर या. दहा वर्षांपूर्वी डीटीपी सेंटरवर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल आज उघडा. मराठीच्या जागी कचऱ्यासारखी इंग्रजी अक्षरं दिसतात. फाईल आहे, वाचता येत नाही. हीच आपली आजची सकळ लिपी! म्हणून माहिती नेहमी युनिकोड मराठीत किंवा पीडीएफमध्ये ठेवा.

पाच सवयी, खर्च जवळपास शून्य

१. लिंक नको, पान ठेवा. मोबाईलवर क्रोममध्ये लेख उघडा, तीन ठिपके दाबा, शेअर, मग प्रिंट, मग पीडीएफ म्हणून सेव्ह. अर्धा मिनिट लागतो.

२. फाईलला नाव द्या. "डाऊनलोड ४७" असं नाव असेल तर ती फाईल हरवल्यातच जमा. तारीख, विषय आणि कुठून घेतलं, एवढं नावात हवंच. उदाहरणार्थ: २०२५-०७ हळद-पॅकिंग कृषी-विद्यापीठ.

३. तीन ठिकाणी ठेवा. एक प्रत मोबाईलमध्ये, एक पेनड्राईव्हवर, एक गुगल ड्राईव्हवर. पेनड्राईव्ह घरी असेल तर दुकानातल्या आगीत किंवा पावसात सगळं एकदम जात नाही. आणि लक्षात ठेवा, गुगलचं मोफत खातं दोन वर्षं वापरलंच नाही, तर कंपनी ते काढून टाकू शकते.

४. एक ओळ स्वतःची लिहा. लेखाखाली किंवा साध्या वहीत लिहा, "यातून मी काय करणार?" ही ओळ सुचत नसेल तर तो लेख ठेवूच नका. लीळाचरित्र वाचलं ते ज्यांनी मनात साठवलं त्यांच्यामुळे, हे विसरू नका.

५. मेलेली लिंक वेबॅक मशीनमध्ये शोधा. इंटरनेट आर्काईव्ह या संस्थेची ही मोफत सेवा जुन्या पानांच्या प्रती ठेवते. तुमच्या कामाचं पान तुम्ही स्वतःही तिथे साठवू शकता. पण फक्त तिच्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे तीसुद्धा काही दिवस बंद होती.

एक सूचना. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत ठेवणं वेगळं आणि कुणाचा लेख किंवा पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर वाटत सुटणं वेगळं. ते करू नका.

जपलेलं जुनं झालंय का, तेही बघा

इथे खरा पैशाचा प्रश्न आहे. समजा दारव्ह्याच्या एका ताईंनी मसाला युनिटसाठी २०२१ चा लेख जपून ठेवलाय. त्यात लिहिलंय, सूक्ष्म उद्योग म्हणजे गुंतवणूक १ कोटीपर्यंत, उलाढाल ५ कोटीपर्यंत. तेव्हा ते बरोबर होतं. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा अडीच कोटी आणि १० कोटी झाली. पीएमईजीपीमध्ये उत्पादन उद्योगाच्या प्रकल्पाची मर्यादा २०२२ मध्ये २५ लाखांवरून ५० लाख झाली. जुन्या कागदावर प्रकल्प अहवाल बनवला, तर बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात चकरा वाढतात.

म्हणून दोन फोल्डर करा. एक "कायमचं": हिशोब कसा ठेवावा, गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, मशीन कशी चालते. दुसरा "तारखेचं": योजना, दर, कर, नियम. दुसऱ्या फोल्डरमधलं काहीही वापरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर किंवा कार्यालयात जाऊन एकदा पडताळायचं. न चुकता.

या रविवारचं काम

एक तास काढा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज वरपर्यंत वाचा. त्यातलं सगळं वाचवायची गरज नाही. धंद्याला खरंच लागणारे दहा लेख निवडा, पीडीएफ करा, नाव द्या, तीन ठिकाणी ठेवा, बाकीचं बिनधास्त पुसून टाका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन-चार फाईली उघडून बघा, उघडतात ना ते.

कापूस घरात आणून नीट झाकून ठेवणाऱ्या जिल्ह्यातली माणसं आपण. ज्ञानाचा माल उघड्यावर कशाला ठेवायचा?

लागा कामाला!