एक्स्टर्नल सेफॅलिक व्हर्जन

एक्स्टर्नल सेफॅलिक व्हर्जन (संक्षेपाने ईसीव्ही) ही गर्भाशयात पायाळू स्थितीत असलेल्या बाळाला आईच्या पोटावरून हातांनी दाब देऊन डोके खाली येईल असे वळवण्याची वैद्यकीय प्रक्रिया आहे. पूर्ण दिवस भरलेल्या गरोदरपणांपैकी सुमारे ३ ते ४ टक्के गरोदरपणांत बाळाचे कुल्ले किंवा पाय खाली असतात. पायाकडून जन्मलेल्या व्यक्तीला मराठीत 'पायाळू' म्हणतात. अशा व्यक्तीची लाथ लागल्यास उसण जाते, अशी लोकसमजूत महाराष्ट्रात आढळते.

आवश्यकता

योनिमार्गे होणाऱ्या पायाळू प्रसूतीत डोके सर्वांत शेवटी बाहेर येते. त्यामुळे ते अडकण्याचा आणि नाळ दाबली जाऊन प्राणवायूचा पुरवठा खंडित होण्याचा धोका असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'टर्म ब्रीच ट्रायल' या २६ देशांतील अभ्यासात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण नियोजित सिझेरियनमध्ये १.६ टक्के, तर नियोजित योनिमार्गे प्रसूतीत ५ टक्के आढळले. या अभ्यासावर पुढे टीका झाली. तथापि अनेक देशांत पायाळू बाळासाठी सिझेरियनचा प्रघात पडला. सिझेरियनचा व्रण गर्भाशयावर राहतो व पुढील गरोदरपणात गुंतागुंत उद्भवू शकते. बाळ आधीच वळल्यास हे दोन्ही धोके कमी होतात.

कार्यपद्धती

ही प्रक्रिया साधारणपणे ३६ ते ३७ आठवड्यांनंतर केली जाते. त्यापूर्वी अनेक बाळे आपोआप वळतात. सोनोग्राफीने बाळाची स्थिती, वारेची जागा व गर्भजल तपासले जाते. गर्भाशय सैल करणारे औषध दिल्यास यशाची शक्यता वाढते. प्रक्रियेपूर्वी व नंतर बाळाच्या हृदयाचे ठोके नोंदवले जातात.

सुरक्षितता

सुमारे निम्म्या प्रयत्नांत बाळ वळते. पूर्वी प्रसूती झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक असते. वळलेले बाळ पुन्हा पायाळू होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. प्रक्रियेत पोटात दुखू शकते. असह्य झाल्यास ती थांबवता येते. बाळाचे ठोके काही काळ मंदावणे हा नेहमी दिसणारा, बहुधा तात्पुरता परिणाम होय. वार सुटणे व रक्तस्राव या गंभीर घटना विरळ आहेत. सुमारे २०० पैकी एका स्त्रीला तातडीचे सिझेरियन लागते. म्हणून तशी सोय असलेल्या रुग्णालयातच ही प्रक्रिया करावी लागते. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या स्त्रीस अँटी-डी इंजेक्शन दिले जाते.

निषिद्ध परिस्थिती

वार गर्भाशयमुखावर असणे, नुकताच रक्तस्राव झालेला असणे, गर्भजलाची पिशवी फुटणे, बाळाच्या ठोक्यांत दोष असणे किंवा जुळी बाळे असणे, अशा वेळी ही प्रक्रिया सहसा करत नाहीत. अप्रशिक्षित व्यक्तीने घरी पोट चोळून बाळ वळवण्याचा प्रयत्न करणे धोक्याचे असते, कारण तेथे यांपैकी कशाचीही तपासणी होत नाही.